चिकनच्या दुकानात स्वच्छता नेमकी कशी ओळखायची?

रस्सावाली: आखाड चालू आहे म्हणून रविवारी नेहमीच्या दुकानात गेले, तुफान गर्दी. दादा सत्तूर चालवत होता, मधेच पैसे घेत होता, परत त्याच हाताने चिकन. ओंडका पुसायचं फडकं इतकं काळं की बघवेना आणि त्याच फडक्याला हातही पुसत होता. घरी सासऱ्यांना ७४ वर्षं आहेत, मागच्या महिन्यात जुलाबाने बेजार झाले होते, चिकननेच झालं असं म्हणत नाही पण आता मनात धाकधूक आहे. दुकान बदलू का? आणि चांगलं दुकान ओळखायचं कसं?

ओंडका: आमचं तीन पिढ्यांचं दुकान, सातारा जिल्ह्यात. माशा सगळे बघतात पण खरा घोळ तुम्ही पाहिलात त्या फडक्याचा आणि बादलीतल्या पाण्याचा. सुरी बुडवायची तीच बादली, हात धुवायची तीच, दुपारपर्यंत ते पाणी लाल होतं. ओंडक्याला घाव पडून खाचा होतात, त्यात रक्त-चरबी बसते, नुसतं पाणी मारून जात नाही. आमचे वडील रोज बंद करताना ओंडका पात्याने खरवडायचे, मग जाडं मीठ चोळून ठेवायचे, मी वर उकळतं पाणी पण ओततो आणि पूर्ण वाळू देतो. मटण घेत असाल तर धडावर कत्तलखान्याचा शिक्का बघा. खिमा तयार ठेवलेला घेऊ नका, समोर काढून घ्या, कारण मटणाच्या वरवर असलेले जंतू खिम्यात आतपर्यंत मिसळतात.

पाटावरवंटा: मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेय. दुकान बदला पण घरचंही बघा. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सिंकभर उडतात आणि साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात म्हणून दुकानातून थेट घरी या, भाजीबाजार आधी उरका.

झणझणीत: न धुता चिकन? आमच्या घरी कुणी तोंडात घालणार नाही. पिसं, हाडाचा चुरा असतो हो.

पाटावरवंटा: मग पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने खळबळून घ्या आणि नंतर सिंक, विळी, हात साबणाने धुवा. जंतू मरतात ते शिजवल्यावरच, मांस आतून ७४ अंशांपर्यंत तापायला हवं. हळद-मीठ लावून ओट्यावर दोन तास ठेवतात ते फ्रीजमध्ये ठेवा, हळदीने काम भागत नाही. सासऱ्यांच्या वयाला हे जपायलाच हवं.

ओंडका: एक सांगतो, गिऱ्हाईकाने नीट सांगितलं तर आम्ही ऐकतो. आमच्याकडे एक काकू म्हणाल्या होत्या की पैसे घ्यायला वेगळा माणूस ठेवा, तेव्हापासून गल्ल्यावर धाकटा भाऊ बसतो. रविवारी दुपारी येऊ नका, सकाळी सातला या, ओंडका धुतलेला आणि माल ताजा असतो.

रस्सावाली: आज सकाळी सातला गेले. दादाला फडक्याचं सांगितलं, आधी गप्प बसला, मग म्हणाला ताई नळाचं पाणी दिवसाआड येतं, धुवू कशात. खरंच आहे ते, पाणीच नाही तर तो तरी काय करणार. तरी सुरी समोर साबणाने धुऊन घेतली त्याने आणि फडकं आत टाकलं. पुढच्या रविवारी परत बघते.