अळ्यांआधी फायटेज आणि फीडर

कोंबड्यांच्या खाद्यात सोयापेंडीऐवजी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या द्याव्यात, असं काहीजण सुचवतात; मुद्दा पटतो. वाळवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिनं असतात. पण चरबीही भरपूर, म्हणून तेल काढून वापरलेल्या बऱ्या. मला मात्र आधी फायटेज आठवतं, म्हणजे धान्यात अडकलेला फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम. धान्यातला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला. कोंबडीला तो नीट पचत नाही, बराचसा विष्ठेतून बाहेर जातो. चिमूटभर एन्झाइम घातलं की डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरससाठी खाद्यात घालतात ते) कमी लागतं. मेथिओनिन, लायसिन ही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) वेगळी दिली तर एकूण प्रथिनं थोडी उतरवता येतात, लिटरमधला (शेडमधल्या तुसाच्या अंथरुणातला) अमोनियाही घटतो.

आणि हो, फीडर, म्हणजे खाद्याचं भांडं! काठोकाठ भरला की कोंबड्या चोचीनं उडवतात, बराच चुरा तुसात. एक तृतीयांशच भरा, काठ पाठीच्या उंचीला ठेवा.