वाळणकोंडला मासे बघायला जायचंय, खाली गळ टाकला तर चालेल का?

पनवेलकर77
लोकहो, दिवाळीत रायगड करून येताना वाळणकोंडला जायचा विचार आहे, महाडजवळ काळ नदीवर आहे ते. डोहातले मासे देवीचे, त्यांना हात लावत नाहीत हे ऐकलंय. पण आमचे सासरे गळाचे भारी शौकीन, ते म्हणतात डोह सोडून जरा खाली गेलं की कोण विचारतंय. शिवाय पोरांना पाण्यात उतरायचंय. कोणी जाऊन आलंय का?

बिरवाडीवाला
गळ घरीच ठेवा ओ. तो मासा महसीर, पावसात पाणी वाढलं की तोच डोहातून निघतो, धारेला लागून वर चढतो, गोट्यावाळूत अंडी घालतो आणि पाणी ओसरलं की परत खोल पाण्यात येतो, मग डोहातला तेवढा देवीचा आणि खालचा आपला असा हिशोब कसा लावणार? पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला आमच्याकडे निम्मं गाव ओढ्यावर असतं, मी पण खातो, खोटं कशाला बोलू, पण तेव्हा हाताला लागतात त्या गाभोळीने भरलेल्या माद्याच. समुद्रात जून-जुलै ट्रॉलर बंद, ओढ्यावर कोण बघायला येतंय. वरदायिनी देवीचा धाक आहे म्हणून एवढा पट्टा तरी राहिलाय, नाहीतर सुरुंग आणि ब्लीचिंग पावडरने कोकणातले किती डोह रिकामे केलेत लोकांनी.

गळवाला_ठाणे
धरून परत सोडला तर? आणि लोणावळ्याला वळवणला टाटांचं महसीरचं बीजकेंद्र 1970 च्या दशकापासून चालू आहे की, पिल्लं आणून सोडता येतात.

बिरवाडीवाला
पिल्लं सोडाल हो, पण सुरुंग चालूच राहिले तर ती वाढायची कुठे? आणि धरून सोडायची हौस देवस्थानाच्या पाण्यात नको, लोक ऐकून घेणार नाहीत, बरोबरच आहे त्यांचं.

चिपळूणची_मावशी
पोरांना डोहात अजिबात उतरवू नका, पाणी खोल आहे. कुरमुरे टाका, मोठमोठे मासे वर येतात, पोरं तेवढ्यावरच खूश होतील. पाव, वेफर्स नको. आणि महाडला सावित्रीच्या काठावर पण जपून हां, तिथे मगरी आहेत. मगरीच बघायच्या असतील तर आमच्याकडे या, वाशिष्ठीत मालदोलीच्या बाजूला होडीतून दाखवतात, थंडीत ओहोटीला चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात.

पनवेलकर77
ओके, गळ कॅन्सल. सासऱ्यांना मालदोलीचं गाजर दाखवतो. मावशी, होडी आधी बुक करावी लागते का?

चिपळूणची_मावशी
दिवाळीत गर्दी असते, फोन करूनच या. आणि भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या, भरतीला आलात तर नुसतं पाणी बघून जाल.