मदत हवी आहे: ताशावाल्याला अमेरिकेतल्या ऑल-एज ड्रम कोरच्या ऑडिशनला जायचंय, तयारी काय करू?

तर्रीबाज

नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी, वय ३९, इथल्या ढोल-ताशा पथकात सहा वर्षं ताशा. या हिवाळ्यात एका ऑल-एज ड्रम अँड ब्यूगल कोरच्या (फुटबॉलच्या मैदानावर चालत पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवून स्पर्धा करणारं पथक) ड्रमलाइनसाठी ऑडिशन द्यायची आहे. नोटेशन वाचता येतं, पण बोट ठेवून. जाणकारांनी सांगावं:

१. स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम), टेनर, बेस की झांजा? कशासाठी प्रयत्न करू?
२. ताशाचा हात कितपत कामी येईल आणि काय मोडावं लागेल?
३. मिरवणुकीत चालत वाजवतोच. यांचं चालणं त्याहून किती वेगळं?
४. ड्रम विकत घेऊन ठेवू का?
५. गणपतीच्या तारखा आणि यांचा सीझन एकमेकांवर येतात का?

तिसरा_बेस

चौथ्यापासून सुरू करतो, कारण त्यात पैसे वाचतील. ड्रम घेऊ नका. ड्रम आणि कॅरिअर (ड्रम अंगावर पेलणारा सांगाडा) कोर देते. तुम्ही घ्यायचं ते रबराचं प्रॅक्टिस पॅड, मार्चिंगच्या जाड काठ्यांचे दोन जोड आणि मेट्रोनोम (फोनवरचा चालतो). पॅड टेबलावर ठेवू नका. स्टँडवर, बेंबीच्या जरा खाली येईल असं लावा आणि उभं राहूनच वाजवा. बसून कमावलेला हात उभं राहिल्यावर वेगळ्या कोनात पडतो आणि सगळं पुन्हा बसवावं लागतं.

वयाची चिंता सोडा. डीसीआय ही ड्रम कोरच्या स्पर्धा घेणारी संघटना; तिच्या तरुण वर्गात २२ ही वरची मर्यादा आहे, ऑल-एजमध्ये वरची मर्यादाच नाही. या मोठ्यांच्या कोरांची वेगळी संघटना होती, डीसीए. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९६५ साली झाली आणि २०२४ च्या सीझनपासून ती डीसीआयमध्ये ऑल-एज वर्ग म्हणून विलीन झाली. तुमच्या पाचव्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. डीसीएची फायनल लेबर डेच्या सुट्टीत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून असायची आणि गणपती लवकर आले की थेट टक्कर व्हायची. आता फायनल ऑगस्टमध्ये असते. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, त्यामुळे त्या वर्षी तरी वादन बुडणार नाही. पथकाचे जुलै-ऑगस्टमधले सराव मात्र बुडतील. ते प्रमुखांना आत्ताच सांगून ठेवा.

आता वाद्य. ढोलाशी नातं जोडून लोक बेस मागतात आणि तिथेच फसतात. पथकात पन्नास ढोल एकच हात वाजवतात. इथे साधारण पाच बेस असतात, सर्वांत लहान १८-२० इंची, सर्वांत मोठा ३० इंचांच्या आसपास, आणि एकच ओळ पाच जणांत फोडलेली असते. १५० च्या लयीत (मिनिटाला १५० मात्रा) एका मात्रेचे चार भाग केले की एक भाग ०.१ सेकंदाचा. त्यातला एकच ठोका तुमचा, पुढचा शेजाऱ्याचा. सगळ्यांची चूक एकच: शेजाऱ्याचा ठोका ऐकून मग आपला मारायचा. तो ऐकू आला तेव्हाच तुम्हाला उशीर झालेला असतो. उपाय असा की पाचही जणांची पूर्ण ओळ तोंडाने म्हणायची आणि हात फक्त आपल्या जागी पाडायचा. पाय सतत चालू, जागच्या जागी.

टेनरचा विचार पहिल्या वर्षी करू नका. चार मोठे आणि एक-दोन छोटे ड्रम, वजन कॅरिअरसकट १५ किलोच्या आसपास, आणि हात आडवे फिरवण्याची कसरत वेगळीच. झांजांना कमी लेखू नका. पण प्रत्येक कोरमध्ये त्यांची रांग असेलच असं नाही.

आठ_ते_पाच

दुसऱ्या प्रश्नावर. ताशाने मनगट आणि बोटं दिली आहेत, ही मोठी पुंजी. मोडायच्या दोन गोष्टी.

पहिली, तर्री, म्हणजे ताशावरचे सलग, भरभर ठोके. ताशावर तर्री दाट वाजली की काम झालं, आत किती ठोके पडले हे कोणी मोजत नाही. इथे रोल उघडा असतो. प्रत्येक हाताचे दोन-दोन ठोके, सगळे मोजलेले, सगळे सारख्या आवाजाचे. ताशावाल्यांचा दुसरा ठोका नेहमी पडका येतो, कारण तो काठीच्या उसळीवर सोडलेला असतो. उशीवर डबल वाजवा. उशी उसळी देत नाही, त्यामुळे दुसरा ठोका बोटांनीच काढावा लागतो. रोज दहा मिनिटं, ८० च्या लयीपासून, दर चार दिवसांनी ४ ने वाढवा. त्याहून घाई केली की मुठी आवळल्या जातात.

दुसरी, काठीची उंची. यांच्याकडे आवाज इंचांत सांगतात: ३, ६, ९, १२. 'जोरात' किंवा 'हळू' असं कोणी म्हणत नाही. पॅडमागे भिंतीवर पट्टी चिकटवा आणि समोरून व्हिडिओ काढा. डावा हात बहुतेकांचा इंच-दीड इंच खाली राहतो आणि वाजवताना ते कळतच नाही. आघात १२ वर आणि मधले ठोके ३ वर, यात मधले हळूच ५-६ वर चढतात. ऑडिशनला परीक्षक सर्वांत आधी तेच पाहतो.

पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीचे ४० रूडिमेंट (ड्रमवादनाचे मूळ बोल) आहेत. सगळे पाठ करत बसू नका. एका हाताचे आठ-आठ ठोके, डबल, पॅराडिडल, फ्लॅम टॅप आणि पाच, सात, नऊ ठोक्यांचे रोल एवढं स्वच्छ आलं तरी पहिल्या कॅम्पला (कोरच्या सराव शिबिराला) पुरतं. नोटेशन मात्र पक्कं करा. कॅम्पमध्ये नवं पान हातात येतं आणि वीस मिनिटांत ते वाजवायचं असतं.

पकड आधी विचारून घ्या. स्नेअर पूर्वी खांद्यावरच्या पट्ट्याला लटकून तिरका बसायचा, म्हणून डावा हात उताणा धरायची पद्धत पडली. आता कॅरिअरवर ड्रम सपाट असतो, पण बऱ्याच स्नेअर लाइनमध्ये ती पकड अजून सक्तीची आहे. ती बसायला काही महिने लागतात. तेवढा वेळ नसेल तर बेसच मागा, तिथे दोन्ही हात सारखे.

तर्रीबाज

दोघांचेही आभार. मग बेसच. पायांबद्दल कोणी सांगेल का?

आठ_ते_पाच

सांगतो, माझं नावच त्यावरून आहे. फुटबॉलच्या मैदानावर दर ५ यार्डांना रेघ असते. ते अंतर ८ पावलांत कापायचं, म्हणजे एक पाऊल २२.५ इंच, साधारण ५७ सेंमी. मोकळ्या पार्किंगमध्ये ४.५७ मीटरवर दोन चिकटपट्ट्या लावा, मेट्रोनोम १२० वर ठेवा आणि जा-ये करा. आठव्या पावलाला पायाचा मधला भाग पट्टीवर यायला हवा. उंच माणसं सहाव्या-सातव्यालाच पोचतात आणि शेवटचं पाऊल आखडतात. प्रेक्षागृहातून ते ठळक दिसतं.

पुढे जाताना टाच आधी, ठोक्यावर, मग तळवा गुंडाळत. मागे जाताना चवड्यांवरच, टाच टेकवायची नाही. टेकली की ड्रम उडतो आणि काठी चुकीच्या जागी पडते. स्नेअर-टेनरवाल्यांना ड्रम प्रेक्षकांकडेच ठेवायचा असल्याने बाजूला जाताना पाय एकमेकांवरून टाकत खेकड्यासारखं जावं लागतं. बेसच्या वाजवायच्या बाजू डावीकडे आणि उजवीकडे, म्हणून बेसवाला बहुतेक वेळ गोलपोस्टकडे तोंड करून असतो आणि तीच हालचाल त्याला सरळ चालण्याची होते. बदल्यात पुढ्यातलं काहीच दिसत नाही. जमीनही नाही.

"मी तर वाजवणारा, पायांचं काय एवढं" असं वाटत असेल तर गुणांची विभागणी बघा. १०० पैकी ४० एकूण परिणामाला, ३० संगीताला आणि ३० दृश्याला.

मेलोफोनकाकू

मी पितळेच्या बाजूची, पण एक गोष्ट ड्रमवाल्यांनाच जास्त लागू आहे. ती कोणी आधी सांगत नाही, कॅम्पमध्ये ओरडूनच शिकवतात.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ०.१ सेकंदात ३४ मीटर. वर आलेला १५० च्या लयीतला तो चतुर्थांश इथे जोडून बघा: मैदानावर ३४ मीटर दूरच्या माणसाचं ऐकून वाजवलंत तर तुम्ही एक पूर्ण ठोका मागे. पुढे सीमारेषेजवळ मारिंबा-व्हायब्राफोनवाले उभे असतात, त्यांना पिट म्हणतात. तुमची ड्रमलाइन त्यांच्या ३० मीटर मागे असेल आणि तुम्ही पिटचं ऐकून वाजवलंत, तर त्यांचा आवाज मागे यायला ०.०८७ सेकंद आणि तुमचा पुढे जायला तेवढेच. प्रेक्षकाला तुम्ही जवळजवळ अर्धी मात्रा उशिरा ऐकू येता. म्हणून नियम: पुढच्याने मागच्याचं ऐकायचं, मागच्याने पुढच्याचं कधीच नाही. पिट तुमचं ऐकून वाजवतो, मग दोघांचा आवाज प्रेक्षकांपर्यंत एकत्र पोचतो.

तर्रीबाज

काकू, इथेच अडचण आहे. पथकात लय धरणाऱ्या टोलकडे कान लावूनच वाजवायची सवय. कान बंद करून वाजवू कसं?

मेलोफोनकाकू

कान बंद करायचे नाहीत, दिशा बदलायची. ड्रमलाइन एकत्र असेल तर मधल्या स्नेअरवाल्याचं ऐका. तो तुमच्यापासून दोन-चार मीटरवर, तेवढा उशीर नगण्य. ड्रम मेजरसुद्धा (समोर उभा राहून हातांनी लय दाखवणारा) बऱ्याचदा त्याच्याच पायांवरून हात चालवतो. बेसची रांग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली की मात्र ड्रम मेजरचे हात आणि आपले पाय, बाकी सगळं खोटं. अशा वेळी बरोबर वाजवलं तरी स्वतःला चुकल्यासारखं ऐकू येतं. तो भ्रम सोसायची सवय करावी लागते. घरी असा सराव करा: मेट्रोनोम चार मात्रा चालू, चार मात्रा बंद, पाय सतत. अ‍ॅपमध्ये ती सोय असते. पुढे बंदचा काळ आठ, मग सोळा मात्रा करा.

आणि कानात प्लग. फोमचे नकोत, त्यात शेजाऱ्याचा ठोका गढूळ होतो. उंच-खालचे सगळे सूर सारखेच कमी करणारे, संगीतकारांसाठीचे मिळतात ते घ्या. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे १०० डेसिबलला दिवसाला १५ मिनिटं, एवढीच सुरक्षित मर्यादा. ड्रमलाइनच्या मधोमध ती पहिल्या तासातच उडते. ताशाच्या वेळीही लावायला हवेत, पण ते पथकात कोण ऐकतो!

डेन्व्हरकर

मैदानावरच्या जागांबद्दल थोडं. प्रत्येक आकृतीसाठी तुम्हाला एक जागा मिळते, तिला डॉट म्हणतात. ती अशी लिहिलेली असते: बाजू १, ४० यार्डच्या रेघेच्या बाहेर २ पावलं, पुढच्या हॅशच्या (मैदानावरच्या छोट्या खुणांच्या ओळीच्या) मागे ६ पावलं. खिशात मावेल अशी छोटी वही दोरीने गळ्यात अडकवा. एका पानावर एक आकृती, वर तिचा क्रमांक, खाली किती मात्रांत पोचायचं आणि तेव्हा कोणतं वाक्य वाजतंय. पेनने लिहू नका. डॉट ऑगस्टपर्यंत बदलत राहतात आणि पेनची शाई घामाने पसरते. पेन्सिलच.

हॅशमध्ये एक सापळा आहे. हायस्कूलच्या मैदानावर पुढचा हॅश सीमारेषेपासून ५३ फूट ४ इंचांवर, म्हणजे साडेअठ्ठावीस पावलांच्या जरा आत. कॉलेजच्या मैदानावर तोच ६० फुटांवर, बरोबर ३२ पावलं. सराव शाळेच्या मैदानावर आणि स्पर्धा कॉलेजच्या स्टेडियमवर असली की हॅश दोन मीटर सरकलेला असतो. नजरेने हॅश पकडणारे अख्खी आकृती मोडतात. तुमचा कोर कोणता हॅश धरून डॉट लिहितो ते पहिल्याच दिवशी विचारा.

तिसरा_बेस

यात भर: डॉट बरोबर पण शेजारी चुकलाय, तर काय करायचं? सरावात आपला डॉट सोडू नका, नाहीतर चूक कुणाची तेच शोधता येत नाही. स्पर्धेत मात्र रांगेशी जुळवून घ्या.

आठ_ते_पाच

याला माझा विरोध आहे. आधीच एक चुकलेला असताना सगळे त्याच्याकडे सरकले की चूक पाच जणांत पसरते. वक्र आकृतीत तर हमखास.

तिसरा_बेस

वक्रात मान्य. सरळ रांगेत नाही, तिथे एक मोकळी फट शंभर यार्डांवरून दिसते. शेवटी तुमच्या कोरचा व्हिज्युअलवाला (चालणं आणि आकृत्या शिकवणारा) सांगेल तेच खरं.

तर्रीबाज

ऑडिशनच्या दिवशी सोबत काय न्यावं? आणि खर्चाचा अंदाज?

डेन्व्हरकर

फी प्रत्येक कोरची वेगळी, म्हणून आकडा सांगत नाही. पण हे विचारा: फीमध्ये युनिफॉर्म, शोचे बूट, स्पर्धेच्या प्रवासाची बस आणि जेवण यांतलं काय येतं? हप्ते आहेत का? मध्येच सोडलं तर काय परत मिळतं? शाकाहारी असाल तर जेवणाचं आत्ताच कळवा. हिवाळ्यात महिन्याकाठी एखादा शनिवार-रविवार, वसंतात जवळजवळ प्रत्येक, आणि उन्हाळ्यात सगळेच धरून चाला. रविवारी रात्री घरी पोचून सोमवारी ऑफिस, हे घरच्यांशी आधी बोलून घ्या.

सोबत: पॅड, स्टँड, काठ्या, छापलेलं ऑडिशन पॅकेट (कोरने दिलेल्या तयारीच्या तुकड्यांची पानं), पेन्सिल, प्लग, सपाट तळव्याचे बूट आणि एक गॅलनचा, म्हणजे पावणेचार लिटरचा पाण्याचा जग. जग हिवाळ्यातसुद्धा, जिममध्ये आठ तास उभं राहायचं असतं. उन्हाळ्यात नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखर घालून घ्या. नडगी दुखू लागली तर ती बहुधा डांबरावर एकदम जास्त चालल्याने. म्हणून आतापासून आठवड्यातून चार दिवस भरभर चाला आणि जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी वर-खाली करा, वीसचे तीन फेरे.

मेलोफोनकाकू

पॅकेटमधले तुकडे पाय चालवतच पाठ करा. बरेच जण हात नीट बसवून येतात आणि "मार्क टाइम" (जागच्या जागी पाय चालवा) म्हटल्याबरोबर विस्कटतात. डावा पाय पहिल्या मात्रेला. पथकात याची सक्ती नसते, त्यामुळे उजव्याने सुरुवात करायची सवय लागली असेल तर आजच तपासा.

तर्रीबाज

तपासलं. उजवाच निघाला. 😄 पट्ट्या चिकटवायला जातोय.