हरल्यावर हात मिळवलाच पाहिजे का?

तापीकाठचा

मागच्या रविवारी आमच्या भुसावळला सतरा वर्षांखालच्या पोरांचा हॉकीचा सामना होता. शाळांची नावं सांगत नाही, इथले निम्मे लोक ओळखतील आणि विषय भलतीकडे जाईल. मुरमाड मैदान, अर्ध्या पुसलेल्या चुन्याच्या रेषा, सकाळी नऊलाच डोकं तापवणारं ऊन. शेवटची दोन मिनिटं राहिलेली, २-२. एक साधा, सरळ फटका आला आणि गोलीच्या पॅडखालून आत गेला.

त्या गोलपोस्टमागे जिंकणाऱ्या शाळेचे पालक उभे होते. हाफटाइमनंतर गोली त्या बाजूला आला तसा त्यांचा जप सुरू झाला, "भोक पडलं रे भोक पडलं!" पोराचं नावही त्यांना कुठून तरी कळलं होतं. गोल झाला तेव्हा एकाने तर डबा वाजवला. शिट्टी झाल्यावर हरलेल्या कॅप्टनने आपल्या पोरांना गोळा केलं, गोलीच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळे सरळ टेम्पोत जाऊन बसले. समोरची पोरं हात पुढे करून रांगेत तशीच उभी.

माझ्या मते कॅप्टन चुकला. पालकांनी केलं ते वाईटच, पण त्या अकरा पोरांनी काय केलं होतं? गेल्या वर्षी १४ सप्टेंबरला दुबईत क्रिकेटवाल्यांनी पाकिस्तानशी हात मिळवला नाही, त्यावर आपण सगळे महिनाभर भांडलो. बरोबर महिन्याने, १४ ऑक्टोबरला, मलेशियातल्या जोहोर कपमध्ये आपल्या ज्युनियर हॉकीच्या पोरांनी त्याच पाकिस्तानच्या पोरांना टाळ्या दिल्या आणि मग ३-३ असा तुफान सामना खेळले. वडील रेल्वेत होते, त्यांच्याबरोबर कॉलनीच्या मैदानावर मी हॉकी बघत वाढलो. तिथे नाक फुटलेला माणूसही शेवटी हात द्यायला यायचा. म्हणून म्हणतो, शालेय स्पर्धेत नियमच करा: हात न मिळवता गेलात तर पुढचा सामना बाहेर.

जुना_गोली

तुम्ही किती वर्षं गोलमध्ये उभे राहिलात? मी अकरा वर्षं.

सोळा वर्षांच्या पोराला एक सामना बाहेर बसवायचं आणि डबा वाजवणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या बाप्याला घरी जाऊन शेवभाजी खाऊ द्यायची, असा तुमचा न्याय. पंचाकडे हिरवं, पिवळं, लाल अशी तीन कार्डं असतात. तिन्ही खेळाडूसाठी. मैदानाबाहेरच्यासाठी एकही नाही.

गोलीचं दुखणं तुम्हाला कळायचं नाही. फॉरवर्डने पाच संधी घालवल्या तरी सहाव्या गोलवर त्याला खांद्यावर घेतात. गोलीने पंधरा अडवले आणि सोळावा गेला की भोक पडलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडची फायनल आठवा. पाकिस्तानने ७-१ ने हरवलं आणि आपला गोली मीररंजन नेगीवर सामना विकल्याचा आळ आला. एका माणसाच्या अंगाला देशाने डांबर फासलं. पुढे १९९८ ला बँकॉकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या संघाचा गोलकीपिंग कोच तोच होता, पण मधली सोळा वर्षं त्याला कोणी परत दिली?

कॅप्टनने गोलीच्या खांद्यावर हात टाकला हे तुम्हीच लिहिलंय. त्या घडीला त्याचा हात तिथेच हवा होता.

धरणगाव_व्हाया_डेट्रॉइट

मी नोकरीनिमित्त पाच वर्षं डेट्रॉइटजवळ काढली. तिथली हॉकी बर्फावरची, आपल्या हॉकीशी नातं लांबच्या चुलतभावाइतकं. पण हात मिळवण्यावरून आठवलं म्हणून लिहितो.

त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये प्लेऑफची एक फेरी म्हणजे सात सामन्यांची मालिका, चार जिंकणारा पुढे. दोन आठवडे एकमेकांना भिंतीवर आपटतात, दात पडतात, हातमोजे टाकून सरळ मारामारी होते. आणि मालिका संपली की दोन्ही संघ बर्फावर समोरासमोर रांग लावतात आणि एकेकाचा हात धरून पुढे सरकतात. साखळी सामन्यांनंतर ही रांग नसते, फक्त मालिका संपल्यावर. ही रीत आहे, सक्ती नव्हे. म्हणूनच एखादा तिला चुकवून आत निघून गेला तर ते त्याला वर्षानुवर्षं ऐकवतात.

प्रेक्षकांचं म्हणाल तर ते आपल्यापेक्षा येडे. १५ एप्रिल १९५२ ला मासेविक्रीच्या दुकानातल्या दोन भावांनी डेट्रॉइटच्या सामन्यात बर्फावर चक्क ऑक्टोपस फेकला. का? तेव्हा त्या लीगचा स्टॅनले कप जिंकायला आठ विजय लागत, आणि ऑक्टोपसचे पाय आठ. संघ त्या वर्षी आठच्या आठ सामने जिंकून मोकळा झाला! तेव्हापासून लोक फेकतायत. घरून उकडून आणतात, पकडलं तर दंड भरतात. एखाद्याने तीन गोल केले की टोप्यांचा पाऊस पडतो. हर्षी नावाच्या गावचा संघ खालच्या लीगमधला, तिथे दर हंगामात एका ठरलेल्या सामन्यात आपल्या संघाचा पहिला गोल झाला की लोक खेळण्यातली मऊ अस्वलं फेकतात आणि ती गोळा करून गरजू मुलांना वाटतात. जानेवारी २०२५ मध्ये एका सामन्यात एक लाखावर अस्वलं पडली.

सगळंच चालतं असं नाही. फ्लोरिडात १९९५-९६ च्या हंगामात एका खेळाडूने ड्रेसिंग रूममधला उंदीर स्टिकने मारला आणि त्याच रात्री दोन गोल केले. झालं, लोक प्लास्टिकचे उंदीर फेकू लागले. आधी थोडे, मग हजारोंनी. प्रत्येक गोलनंतर खेळ थांबायचा. शेवटी लीगने नियम केला की असं फेकून खेळ अडवला तर यजमान संघाला दंड. माझ्या मते रेघ तिथे मारावी. खेळ अडेपर्यंत लोकांना काय करायचं ते करू द्या.

अमळनेरचा_भो

वा भो! त्यांनी उकडलेला ऑक्टोपस फेकला की परंपरा, आमच्या काकांनी डबा वाजवला की असभ्यपणा.

आमच्या आजीच्या तोंडून आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ऐकलीय का कुणी? गौराई बोळवायला बाया नदीवर जायच्या. पल्याडच्या काठावर दुसऱ्या गावच्या बाया. मग जी जुंपायची! सासू, नणंद, नवरा, कोणाला सोडायच्या नाहीत. आजी सांगायची, तो दिवस सरला की त्याच बाया बाजारात भेटायच्या तेव्हा "कशी शे बाई?" म्हणून गळ्यात पडायच्या. वर्षभराचं मळभ एका दिवशी मोकळं व्हायचं. मैदानावरची बोंबाबोंबही तशीच. ज्याला ऐकवत नाही त्याने बुद्धिबळ खेळावं.

हात मिळवण्याबद्दल मात्र मी तापीकाठच्या भाऊंच्या बाजूने. हरला ना? मग ये, हात दे, घरी जा.

जुना_गोली

आजीचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं केलं. नदीच्या दोन्ही काठांना तोंडं होती. एकीने नवऱ्याचा उद्धार केला की दुसरी तिच्या सासऱ्यापर्यंत पोचायची. रविवारी त्या पोराला काय सोय होती? त्याची पाठ लोकांकडे, नजर चेंडूवर, आणि वळून एक शब्द बोलला असता तर पंचाने कार्ड दाखवलं असतं. एकाच काठावरून चाललेली आखाजी तुमच्या आजीने मान्य केली असती का, विचारा.

आणि डेट्रॉइटवाले दादा, "खेळ अडेपर्यंत चालू द्या" ही तुमची रेघ मला पुरत नाही. भोक पडलं म्हटल्याने खेळ कुठे अडतो? फक्त पोरगं अडतं.

शिरपूरकर

दोन्हीकडून बोलतो, रागवू नका. डिसेंबर २०१४, भुवनेश्वर, चॅम्पियन्स ट्रॉफीची सेमीफायनल. पाकिस्तान ४-३ ने जिंकला आणि त्यांच्या काही खेळाडूंनी शर्ट काढून आपल्या प्रेक्षकांकडे बघून घाणेरडे हावभाव केले. दोघांना फायनलमधून बसवलं. योग्यच केलं. पण तेव्हा आमच्या धुळ्याच्या हॉस्टेलवर आम्ही वीस जण टीव्हीसमोर होतो आणि साठ मिनिटं आमच्या तोंडून काय काय बाहेर पडत होतं ते इथे लिहिलं तर मला काढून टाकाल. म्हणजे जुन्या गोलींचं खरं आहे, नियम फक्त गणवेशातल्यांना. पण त्याला इलाज काय? प्रेक्षकाला कोणतं कार्ड दाखवणार?

तापीकाठचा

मान्य, पालकांचा मुद्दा मी एका वाक्यात उरकला. तरी मूळ प्रश्न उरतोच. समोरच्या अकरा पोरांनी शिवी दिली नव्हती. बापाच्या पापाची शिक्षा मुलाला का?

कुस्तीचा फड बघा. आपल्याकडे जत्रेत हलगी वाजते, पैलवान माती हातात घेतो, समोरच्याच्या हाताला लावतो, मग भिडतो. चितपट झालेल्यालाही जिंकणारा उठवतो. भोवतीचं पब्लिक काय ओरडतं याचा त्या दोघांशी संबंध नसतो.

अमळनेरचा_भो

फडात पागोटी उडालेली आणि काठ्या निघालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात भाऊ. सगळंच गोड करून सांगू नका. (बाकी मुद्दा पटला.)

खेळाडूची_आई_जळगाव

बराच वेळ वाचतेय. माझी मुलगी हॉकी खेळते, राइट हाफ. त्याच रविवारी, त्याच मैदानावर, मुलांच्या आधी मुलींचा सामना झाला. तापीकाठचे भाऊ, तुम्ही होतात का? मी मोजले होते, बारा जण. त्यात चहावाला आणि दोन कुत्री धरली नाहीत. आमच्या मुलींना भोक पडलं म्हणायलासुद्धा कोणी येत नाही. हात सगळ्यांनी मिळवले, आणि फोटो काढायलाही कोणी नव्हतं.

तुम्ही १९८२ काढलंत, मी २०२१ काढते. टोकियोत ३१ जुलैला वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट-ट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. तिकडे तीन गोलांवर टोप्या पडतात म्हणे. इथे चार दिवसांनी आपण अर्जेंटिनाकडून सेमीफायनल हरलो तर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडले आणि घरच्यांना जातीवरून शिव्या दिल्या. पोलिसांत तक्रार करावी लागली. शिरपूरकर भाऊ, तुम्ही हॉस्टेलवर टीव्हीला शिव्या दिल्यात, टीव्हीला काही वाटत नाही. हे दारात आले होते. आखाजी ठरल्या दिवशी, नदीवर असते. कोणाच्या अंगणात जात नाही.

सक्तीच्या हस्तांदोलनाला माझा विरोध आहे. कॅप्टन माझा मुलगा असता तर मी त्याला रागावले नसते. पण संध्याकाळी त्याला समोरच्या कॅप्टनला फोन करायला लावला असता.

धरणगाव_व्हाया_डेट्रॉइट

ताई, हा फोनचा तोडगा आवडला. आणि "खेळ अडेपर्यंत" हे माझं वाक्य मागे घेतो. तिकडे फेकाफेकीचं सगळं कौतुक आपल्याच संघासाठी असतं असं मी मनात धरून चाललो होतो, समोरच्या गोलीला त्याचं नाव लांबवून गाऊन चिडवणं तिथेही रोजचं आहे. ती मंडळी कोट्यवधींचे पगार घेतात. सतरा वर्षांखालच्याला तो हिशोब लावता येत नाही.

जुना_गोली

पगार घेतला म्हणून चालतं, हेही मला पटत नाही, पण ते भांडण पुन्हा कधीतरी.

तापीकाठचा

ताई, मी नव्हतो. नऊला पोचलो. चूक.

पुढच्या रविवारी साडेसातला मुलींचा, नऊला मुलांचा. त्या गोलपोस्टमागची जागा आम्ही चार जण आधीच जाऊन धरतोय. ओरडणारच, पण दोन्ही गोलींच्या नावाने, चांगलं. माझा नियम मात्र मी सोडलेला नाही. हात न मिळवता जाणं मला अजूनही खटकतं.

जुना_गोली

खटकू द्या. साडेसातला मी पण येतो.

तुम्ही टाकलेल्या सामन्याच्या फोटोत त्या पोराच्या डाव्या पॅडचा पट्टा तुटलेला दिसतोय, सुतळीने बांधलाय. फटका बहुतेक तिथूनच गेला. माझे जुने पॅड माळ्यावर पडलेत. त्याची उंची किती आहे, कोणाला माहीत असेल तर सांगा.