मदत हवी आहे: व्हीगन लिपस्टिक आणि पुण्यात बाहेरचं जेवण

मंडळी, लेक व्हीगन झालीये, म्हणजे दूध-तूप, मध असं प्राण्यांपासून मिळणारं काहीच नको. घरी जमतंय, अडतं ते बाहेर. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा उपयोग नाही, दूध आणि मध असलं तरी तो असतोच. थाळीच्या हॉटेलात ‘तूप नको’ सांगूनही वरणावर धार पडते (वाढप्याला आमची दया येत असावी!). पुण्यात पिठलं-भाकरी, उसळ निव्वळ तेलात करून देणारं कुठलं ठिकाण आहे?

दुसरं, लिपस्टिक. वेष्टनावर सीआय ७५४७० दिसलं की ती परत ठेवते. तो कार्माइन, कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग. शिवाय मधमाश्यांचं मेण नको. कँडेलिला किंवा कार्नोबा या वनस्पतींच्या मेणाची, गव्हाळ रंगाला शोभणारी लाल छटा कुणी वापरलीये का? पाचशेच्या आत सांगा.

आणि दरमहा घरी येणारे व्हीगन बॉक्स घ्यावेत का? वर्षाचे पैसे आधीच भरायला मन धजत नाही.