मार्सेयची ल पानिए वस्ती कशी पाहावी?

प्रश्न:
सप्टेंबरमध्ये आई-वडिलांसह फ्रान्समधील मार्सेयला जाणार आहोत. जुन्या बंदरामागच्या टेकडीवरील ल पानिए या वस्तीसाठी एक सकाळ राखून ठेवली आहे. बहुतेक ठिकाणी तिथल्या रंगवलेल्या भिंतींचे आणि साबणाच्या दुकानांचेच वर्णन वाचायला मिळते. वस्तीचा इतिहास समजेल अशा रीतीने ती कुठून पाहायला सुरुवात करावी? वडिलांना सलग पायऱ्या चढवत नाहीत.

प्रतिसाद 1:
सुरुवात टेकडीवरून न करता खाली, बंदराच्या काठावरील नगरपालिका भवनापासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जानेवारी 1943 मध्ये जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या साहाय्याने येथील सुमारे 20,000 रहिवाशांना घराबाहेर काढले, शेकडो ज्यूंची रवानगी पुढे सोबिबोरच्या मृत्युछावणीत झाली आणि फेब्रुवारीत सुमारे 1,500 इमारती सुरुंग लावून उडवण्यात आल्या. काठावर आज दिसणाऱ्या दगडी इमारतींच्या सरळ रांगा युद्धानंतरच्या आहेत. त्यांच्या मागे गल्ल्या जिथे अरुंद आणि वाकड्या होतात, तिथून वाचलेली वस्ती सुरू होते. ही सीमारेषा एकदा लक्षात आली की पुढची प्रत्येक गल्ली वेगळी दिसते. जवळच 1535 मधील ऑतेल द काब्र हे घर आहे. ते विध्वंसातून वाचले, पण नव्या रस्त्याच्या रेषेत बसावे म्हणून 1954 मध्ये अख्खे उचलून काटकोनात फिरवण्यात आले. त्याच्या कोपऱ्यावरील कोरीवकाम अवश्य निरखून पाहावे.

प्रतिसाद 2:
वडिलांसाठी आकूलच्या पायऱ्यांची वाट टाळावी. काठाने सां-झाँ किल्ल्यापर्यंत जावे आणि तिथून पादचारी पुलाने सां-लोराँ या कोळ्यांच्या जुन्या चर्चपाशी उतरावे. पुढे प्लास द लांश हा चौक अगदी जवळ आहे. इ. स. पू. 600 च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकाया या ग्रीक नगराहून आलेल्या ग्रीकांनी वसवलेल्या मस्सालियाची, म्हणजे प्राचीन मार्सेयची, बाजारपेठ याच परिसरात होती, असे मानले जाते. तिथे बसून चहा-कॉफी घ्यावी आणि मग सावकाश व्हिएय शारितेकडे वळावे.

ही वास्तू घाईने पाहू नये. शहरातील भिकाऱ्यांना व निराधारांना कोंडून ठेवण्यासाठी 1671 मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले. आराखडा याच वस्तीत वाढलेले शिल्पकार-वास्तुकार पियेर प्युजे यांचा. बाहेरून भिंती जवळजवळ बंद आहेत, पण आत तीन मजली कमानदार सज्जे चौकाभोवती फिरतात आणि मधोमध लंबवर्तुळाकार घुमटाचे प्रार्थनागृह उभे आहे. सज्ज्यांच्या फिकट गुलाबी दगडावर सकाळचे ऊन पडलेले पाहावे. आतील संग्रहालये सोमवारी बंद असतात.

प्रतिसाद 3:
वरील दोन्ही सूचना योग्य आहेत. मराठी माणसाने एक गोष्ट आणखी करावी: सां-लोराँच्या गच्चीवजा पटांगणावरून समुद्राकडे पाहावे. 8 जुलै 1910 रोजी ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी उडी घेतली ती याच शहराच्या बंदरात. त्यांना फ्रेंच भूमीवर पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात दिल्यामुळे हा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला.