फक्की, झेंडा, बर्फ : पेठेतल्या फुटबॉल लीगसाठी राबलेल्या पोरापोरींचे अनुभव

कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायला माणूस शोधावा लागत नाही. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या संघांतल्या कुठल्याही दोघांची शाहू स्टेडियमवर गाठ पडायची असली की चार दिवस आधीपासून कट्ट्यावर दुसरा विषय नसतो. 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारतीय संघात होता, तेव्हापासून तर प्रत्येक घरातल्या पोराला स्टडचे बूट हवेत. पण संघात जागा अकरा आणि बाकावरच्या थोड्या. बाकीच्यांनी काय फक्त आरडाओरडा करायचा?

आमच्या भागात दर रविवारी लहान मुलांची लीग चालते. तिचं निम्मं काम 15 ते 20 वयाची पोरंपोरी करतात. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा. नुसतं ‘मजा आली’ नको. काय चुकलं तेही येऊ द्या.

अकरावी, मंगळवार पेठ

निवडीत सलग दुसऱ्या वर्षी माझं नाव आलं नाही. घरी जाऊन किट कोपऱ्यात टाकलं. संध्याकाळी सरांचा फोन आला, “उद्या सहाला मैदानावर ये, फक्की मारायची हाय.” राग होता, तरी गेलो.

पहिल्या दिवशी नजरेच्या अंदाजानं रेघा मारल्या. पेनल्टी बॉक्स एका बाजूला असा कलला की पंचांनी सामना सुरूच करू दिला नाही. मैदान बघणाऱ्या काकांनी दोरी आणली. तीन, चार आणि पाच मीटरच्या बाजू पडतील अशा गाठी मारून त्रिकोण ताणायला लावला. “हितं काटकोन हाय बघ.” दहावीला पायथागोरस घोकला होता, पण तो असा पायाखाली येईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आता दोघं मिळून तासाभरात मैदान आखतो. वाऱ्याकडे पाठ करून, खाली वाकूनच फक्की सोडायची. आणि स्वस्त पडतो म्हणून कळीचा चुना अजिबात आणू नका, त्यानं कातडी भाजते. लहान पोरं त्याच रेघांवर पडतात.

पोरं मैदानात उतरायच्या आधी पाच मिनिटं सगळं कोरं, पांढरं दिसतं. तेवढ्यासाठी मी साडेपाचला उठतो.

बारावी, शिवाजी पेठ

मी लाईनवर झेंडा घेऊन उभी राहते. सुरुवातीला काही पालक म्हणायचे, “पोरीला काय कळतंय ऑफसाईड?” मला कळत होतं. सोबत्यानं चेंडू दिला त्या क्षणी समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या आणि चेंडूच्याही पुढं असणं, तो ऑफसाईड. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचं, नजर चेंडूवर आणि त्याच्यावर, हे मी घोटून घेतलं होतं.

तरीही माझ्या हातून चूक झाली. थ्रो-इन झाला, म्हणजे बाजूनं बाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकला गेला, एक पोरगा सगळ्यांच्या पुढं एकटाच उभा होता, त्याला चेंडू मिळाला आणि मी झेंडा वर केला. पंचांनी माझ्यावर विश्वास ठेवून शिट्टी मारली. पोरगा थबकला आणि मग रागानं चेंडू जाळीत मारला. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाईड नसतो! गोल किक आणि कॉर्नरलाही नसतो. पंचांच्या लगेच लक्षात आलं, पण शिट्टी झाल्यावर पडलेला गोल देता येत नाही. ड्रॉप बॉलनं, म्हणजे पंचांनी चेंडू जमिनीवर सोडून, खेळ पुन्हा सुरू झाला. त्याचा संघ एका गोलानं हरला.

सामना संपल्यावर मी त्याच्याकडे गेले. दहा वर्षांचा असेल. म्हटलं, “बाळा, चूक माझी होती, तुझी नाही.” तो काही बोलला नाही. त्याच्या आईनं मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या रात्री नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आता पंचांची परीक्षा द्यायची आहे.

बी.कॉम., दुसरं वर्ष

माझं काम नोंदींचं. गोल कुणी केला, कार्ड कुणाला, बदली कितव्या मिनिटाला. जन्मदाखले तपासणं सगळ्यात अवघड. एका ओळखीच्या काकांनी पोराला खालच्या गटात घ्या म्हणून गळ घातली. नाही म्हणताना घसा कोरडा पडला, पण म्हटलं. कॉलेजच्या पोरांसाठी एक सांगतो : एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) वर्षाचे 120 तास लागतात. हे काम त्यात धरायचं असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारा. मी आधी विचारलं म्हणून माझे धरले.

नर्सिंगची विद्यार्थिनी, फुलेवाडी

एप्रिलच्या उन्हात पाण्याच्या बाटल्या भरणं हे कमी दर्जाचं काम वाटतं ना? दोन पोरं चक्कर येऊन बसली की कळतं. घोट्याला मुरगळ आली तर बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, थेट कातडीवर नाही. एवढं प्रत्येक स्वयंसेवकाला यायलाच हवं.

एकदा हेडिंग करताना दोन डोकी आपटली. एकाला आज कुठला वार ते सांगता येईना. त्याचे वडील म्हणाले, “काय हुईत न्हाई, पाणी मारा, खेळू दे.” मी एकोणीस वर्षांची, ते माझ्या बाबांच्या वयाचे. हात थरथरत होते, तरी म्हटलं, “काका, आज तो परत उतरणार नाही. आधी डॉक्टर.” पंच माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. डोक्याला मार लागल्याची शंका असली तरी पोराला बाहेर ठेवायचं, यावर मी कधीच मागे हटणार नाही.

वय 20, नऊ वर्षांखालील गटाचा मदतनीस

आमच्या घरात तीन पिढ्या एकाच तालमीच्या फुटबॉल संघाच्या. समोरच्या पेठेचा रंगसुद्धा अंगावर घालायचा नाही, असं वातावरण. लीगमध्ये मला नेमका त्याच पेठेच्या छोट्यांचा गट मिळाला. आजोबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी स्वतः मैदानावर आले, माझी पोरं कशी पास देतात ते बघत शेवटपर्यंत उभे राहिले. जाताना म्हणाले, “त्या डाव्या पायाच्या बारक्याला मधी खेळीव.” खेळवला.

सराव संपला की चेंडू मीच मोजतो. चार नंबर साइजचे बारा. जूनमध्ये, गांधी मैदानात पाणी साचायच्या आधीच्या शेवटच्या सरावाला अकराच भरले. अंधार पडत होता. तोच डावा बारका गटारीच्या कडेनं पळत आला, चिखलानं माखलेला, चेंडू पोटाशी धरलेला. “दादा, ह्यो धरून बारा.”